चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे: कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी तांब्या-पितळेच्या नळ्या

कस्टम लूपमध्ये, म्हणजे पंप, टाकी, रेडिएटर आणि नळ्या वेगवेगळ्या घेऊन स्वतः जोडलेल्या पाण्याच्या फेऱ्यात, पीईटीजीच्या (एका पारदर्शक प्लास्टिकच्या) जागी तांब्या-पितळेची नळी टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मशीन किती डिग्री थंड चालेल? एकही नाही. तांबं उष्णता झपाट्यानं वाहून नेतं हे खरं, पण नळीचं अंग असतं केवढं! बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर एक मीटर नळीचा पृष्ठभाग भरतो सुमारे ३७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. पाणी खोलीपेक्षा १२ डिग्रीनं गरम असेल तर एवढ्या अंगातून हवेत जाते फार तर चार-पाच वॅट उष्णता. तिकडे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून साडेचारशे-पाचशे वॅट ओतत असतात. ती बाहेर काढणं हे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांचं काम. नळीनं फक्त पाणी इकडून तिकडे न्यायचं.

तरीही मराठवाड्यात धातूचीच नळी घ्यावी असं आमचं मत आहे, आणि त्याचं कारण आहे मे महिना. परभणी-नांदेडकडे बाहेर ४२-४३ डिग्री असताना बंद खोलीत ३८-४० सहज असतात. लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. रेडिएटर चांगला असला तरी लोडवर ते १० ते १५ डिग्री वरच राहतं. म्हणजे पाणी ५०-५५ वर. पीईटीजी पुरतं मऊ पडतं ८० च्या आसपास, पण फिटिंगच्या (नळी जिच्यात खुपसतात त्या जोडाच्या) पकडीत दाबलेलं टोक ६० च्या जवळ गेलं की हळूहळू आकार सोडू लागतं. पुण्या-मुंबईत एसीच्या खोलीत जी नळी चार वर्षं निवांत चालते, ती इकडे दुसऱ्या उन्हाळ्यात फिटिंगच्या आतल्या रबरी रिंगेपाशी दबलेली दिसू शकते. अॅक्रिलिक उष्णतेला जास्त टिकतं, पण ते ठिसूळ, कापताना तडकतं. तांब्याला ५५ डिग्री म्हणजे काहीच नाही. ३० डिग्रीच्या फरकानं ३०० मिलिमीटरचा तुकडा वाढतो जेमतेम ०.१५ मिलिमीटर.

एक सावधगिरी मात्र इथंच सांगायला हवी. नळी धातूची झाली म्हणून लूपची मर्यादा वाढत नाही. लूपमध्ये सर्रास वापरतात त्या डी-५ पंपाला पाणी ६० डिग्रीपर्यंतच चालतं, त्यामुळे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बसवा आणि ५५ ला अलार्म लावा. आणि थंड करण्यावर पैसे घालायचेच असतील तर आधी खोलीतल्या कूलरच्या ताट्या बदला. कोरड्या उन्हाळ्यात साधा कूलर खोली ८-१० डिग्रीनं उतरवतो, आणि तेवढेच पाण्यातून नि चिपवरूनही उतरतात. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर रेडिएटरच्या पत्र्यांत जाऊन बसतात.

आता नळ्या. आपल्याकडे तीन प्रकार हाताला लागतात: परदेशी कंपन्यांची निकेल किंवा क्रोम चढवलेली पितळी नळी, हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनची तांब्याची नळी, आणि फ्रीज-एसीवाल्यांकडची गुंडाळीतली नळी.

सगळ्यात आधी शेवटचीबद्दल, कारण घोळ तिथंच होतो. लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, दुकानात जाऊन 'बारा एमएमची कॉपर नळी द्या' म्हटलं की काउंटरवर येते चार सूती. दुकानदार म्हणतो, 'एकच असतंय की, पाव-अर्ध्या मिलीचा काय फरक!' फरक सगळा तिथंच आहे. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, ३.१७५ मिलिमीटर. चार सूत म्हणजे १२.७. कॉम्प्युटरची फिटिंग येतात १२, १४ आणि १६ मिलिमीटरची. बाराच्या फिटिंगमध्ये चार सूती नळी जातच नाही. जोर करून घातली तर आतली पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग कापली जाते, आणि ते कळतं पाणी भरल्यावर. पाच सूती नळी १५.८८ मिलिमीटरची. ती सोळाच्या फिटिंगमध्ये जाते, म्हणूनच ती जास्त फसवी. ०.१२ मिलिमीटर कमी असल्यानं रिंग हवी तेवढी दबत नाही. कॉलर (नळीवर चढवलेली आट्यांची कडी) आवळायचं फिटिंग असेल तर ती बहुधा धरते. नुसतं दाबून बसवायचं फिटिंग असेल तर तिच्या भरवशावर महागडं कार्ड ठेवू नये. शिवाय ही नळी मऊ असते आणि गुंडाळीतून येते. हातानं, लाटण्यानं, कशानंही सरळ करा, उजेडात तिरकं पाहिलं की लाट दिसतेच. चार सूती नळीसाठी एकच चांगला उपयोग आम्हाला सापडला: वाकवण्याचा हात बसवायला.

ऑक्सिजन लाइनची नळी हा या तिघांतला खरा माल. दवाखान्यांच्या मेडिकल गॅस पाइपलाइनसाठी तांब्याची नळी मिलिमीटरच्या मापातच येते: १२, १५, २२, २८. त्यातली १२ बाय ०.९ आपली. आतला व्यास १०.२ मिलिमीटर, डी-५ पंपाला भरपूर. ती गुंडाळीत नसते, सरळ लांब नगात येते, आतून तेल-ग्रीस काढून दोन्ही तोंडांना टोप्या लावलेली. प्लंबिंगच्या नळीत असतो तसला काळा थर आत नसतो. मिळते ती हॉस्पिटलची लाइन टाकणाऱ्या कंत्राटदारांकडे. लातूर, संभाजीनगर, नांदेडला दवाखान्यांची कामं सतत चालू असल्यानं अशी माणसं शोधणं अवघड नाही. त्यांच्याकडे अर्धा-पाऊण मीटरचे उरलेले तुकडेही पडून असतात. तांबं वजनावर विकतात आणि ही नळी मीटरला सुमारे २८० ग्रॅम भरते. त्या दिवसाच्या भावानं हिशेब करून मगच घासाघीस करा. एका साध्या लूपला चुका धरून दोन-अडीच मीटर पुरते. घेताना व्हर्नियर सोबत न्या. दोन ठिकाणी, आडवं-उभं माप घ्या. ११.९५ ते १२.०५ च्या आत असेल तर घ्या; वाहतुकीत चेपलेलं टोक असेल तर तेवढं कापून द्यायला सांगा.

ईके, अल्फाकूल, बिट्सपॉवर यांच्या पितळी नळ्या या कामासाठीच बनवलेल्या. माप अचूक आणि टोकं नीट, त्यातल्या काही ९० अंशात आधीच वाकवलेल्या. दिसायला यांना तोड नाही आणि निकेलचा चकाकीपणा वर्षानुवर्षं टिकतो. पण त्या घरी वाकवायच्या नसतात: पितळ ताठ, आणि वरचा थर वळणावर तडकतो. म्हणून प्रत्येक वळणाला ९० अंशाचं फिटिंग लागतं, किंवा तयार वळलेल्या नळीचे दोन पाय मापानं कापावे लागतात. पैसे नळीला कमी आणि फिटिंगला जास्त जातात. खर्चाची फिकीर नसेल आणि आरशासारखं दिसायला हवं असेल तर ह्या घ्या. बाकी कोणालाही आम्ही १२ मिलिमीटरची मेडिकल नळीच सांगू.

फिटिंग घेताना कॉलरवालं, १२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचं, आत दोन रिंगा असलेलं घ्या. चार-पाच तुकड्यांच्या लूपला आठ ते दहा लागतात, वर दोन जास्तीची आणि रिंगांचं एक पाकीट. आटे असतात जी १/४, म्हणजे न्यूमॅटिक (दाबाच्या हवेच्या) कामातले पाव इंची बीएसपी मापाचे. वाळूजच्या एमआयडीसीत हवेच्या लाइनचं सामान विकणाऱ्यांकडे पाव इंची फिटिंग ढिगानं असतात आणि मोह होतो. त्यातली बरीच निमुळत्या आट्यांची असतात. ती टेफलॉन टेप लावून अॅक्रिलिकच्या टाकीत आवळली की पाचराचं काम करतात आणि टाकी चिरते. इकडे आटे समांतर हवेत, पाणी अडवते रिंग, टेप नाही, आणि आवळायचं हातानंच.

कापणं सोपं वाटतं, आणि दहातल्या आठ गळत्या इथंच जन्म घेतात असं म्हटलं तरी चालेल. एसीवाले वापरतात तो चाकाचा कटर घ्या. दोन फेऱ्यांमागे पाव आटाच आवळा. घाई केली की नळी चेपते. तुकडा सुटल्यावर टोकाकडे नीट बघा. आत एक धारदार ओठ वळलेला असतो, तो रीमरनं (आतली कड खरवडायच्या अवजारानं) काढा. तो सगळ्यांना दिसतो. दुसरी गोष्ट दिसत नाही: चाकानं रेटलेलं तांबं बाहेरच्या अंगालाही केसभर उचलून येतं. नखानं नळीवरून टोकाकडे ओढलं की नख अडकतं. हा उंचवटा तसाच राहिला तर नळी आत सारताना तो रिंगेवरून नांगर फिरवल्यासारखा जातो. बारीक कानशीनं तो घालवा, कडेला अर्धा ते एक मिलिमीटर उतार द्या, मग ४००, ८०० आणि १२०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा. फिरवायचा तो नळीभोवती गोल. लांबीच्या दिशेनं घासलं तर पडणाऱ्या रेघा रिंगेखालून पाण्याला वाट करून देतात. शेवटी नख पुन्हा फिरवा. अडकलं नाही म्हणजे झालं.

पितळी नळीला चाकाचा कटर लावू नका, थराच्या कपच्या उडतात. चिकटपट्टी गुंडाळून इंचाला ३२ दात असलेल्या हॅकसॉनं कापा. आणि कोणतीही नळी असो, कापकाम दुसऱ्या खोलीत. तांब्याचा एक बारीक कण मदरबोर्डच्या दोन पायांमध्ये बसला की पाणी गळायची गरजच उरत नाही.

वाकवायला १२ मिलिमीटरच्या खाचेचा बेंडर हवा, आणि तो गॅस पाइपलाइनच्या फिटरकडे असतो. एसीवाल्याच्या अर्ध्या इंची बेंडरमध्ये नळी ०.७ मिलिमीटर सैल बसते आणि वळणाची बाहेरची बाजू चपटी होते. बाराच्या बेंडरच्या वळणाची त्रिज्या साधारण ३८ मिलिमीटर असते. कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का हे आधी पाहा, नसेल तर तिथं ९० अंशाचं फिटिंग टाका. मेडिकल नळी अर्धवट कडक असते, ती तशीच बेंडरमध्ये वळते. हात हलका पडत असेल तर वळणाचा भागच गॅस टॉर्चनं अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवा. मग पाण्यात बुडवा की तशीच ठेवा, तांबं मऊच होतं, ते पोलादासारखं पाण्यानं कडक होत नाही. टोकं मात्र तापवू नका, ती कडकच राहायला हवीत. ९० अंश हवे असतील तर ९२-९३ पर्यंत न्या, सोडल्यावर नळी थोडी परत येते. वळण संपल्यापासून टोकापर्यंत किमान ३० मिलिमीटर सरळ भाग ठेवा. वळणाजवळ नळी किंचित लंबगोल होते आणि लंबगोलावर रिंग बसत नाही. शिवाय कॉलर मागे सरकवायला जागा लागते.

माप घ्यायला बांधकामाची बाइंडिंग तार पुरते. दोन्ही फिटिंगांमध्ये तार वळवून बसवा, कागदावर ठेवून आखा, फिटिंगची खोली व्हर्नियरनं मोजून दोन्हीकडे मिळवा. ती बहुतेक ८ ते १० मिलिमीटर असते. तेवढ्या अंतरावर नळीवर मार्करची खूण करा; खूण फिटिंगच्या तोंडाशी आली तरच नळी पूर्ण बसली समजायचं. आणि इथं एक गोष्ट पीईटीजीहून वेगळी आहे. पीईटीजी एक-दोन मिलिमीटरची चूक पोटात घालतं, तांबं घालत नाही. नळी दोन्हीकडे बोटांनी, न ओढता, न दाबता बसायला हवी. ओढून बसवली तर ती रिंग एका बाजूला कायम दाबून धरते. दुसरी बाजू मोकळी पडते आणि पंप सुरू झाल्यावर तासाभरानं तिथं एक थेंब जमतो. असा तुकडा टाकून द्या, नवा करा. रिंग पाण्यानं ओली करून नळी थोडी फिरवत आत सारा. कॉलर आधी नळीवर चढवायची विसरू नका, जुने-जाणतेही विसरतात.

जोडण्याआधी वळलेले तुकडे एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अॅसिड टाकून दहा मिनिटं बुडवा. टॉर्चची काजळी आणि काळा थर निघतो. मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा धुवा. हे फक्त उघड्या तांब्यासाठी. निकेल चढवलेल्या नळ्या आणि ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे ठोकळे) त्यात घालायचे नाहीत. बाहेरून तांब्याला पितांबरी चालते, चिंच चालते, घागर घासतो तसंच. थर चढवलेल्या पितळेला यातलं काही लावू नका. घासलेलं तांबं हाताच्या घामानं आठवड्यात डागाळतं. ते नको असेल तर गाडीचा पारदर्शक लॅकर फवारा, पण दोन्ही टोकांचे १५ मिलिमीटर चिकटपट्टीनं झाकून. लॅकरवर रिंग बसली की पुढच्या वेळी नळी काढताना लॅकर सोलून रिंगेला चिकटतो.

लूप पाण्यानं तपासण्याआधी हवेनं तपासा. सायकलच्या पंपाचा काटा एवढ्या कमी दाबाला नीट वाचता येत नाही. त्याऐवजी ब्लड प्रेशर मोजायच्या डायलच्या उपकरणाचा फुगा आणि काटा वापरा. पट्टा बाजूला काढा, नळी एका जी १/४ च्या नोझलला जोडा, बाकी सगळी तोंडं बंद करा. काटा २५० (मिलिमीटर पारा) वर येईपर्यंत दाब भरा. हे होतात साधारण ०.३३ बार, टाकीला धोका नाही. अर्धा तास काटा हलता कामा नये. मध्येच कूलर किंवा पंखा लावला तर हवा थंड होऊन काटा दोन-चार घरं उतरतो, त्याला गळती समजू नका. काटा सतत उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं एकेका फिटिंगला लावा. मग पाणी भरून एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या) २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी आणि एक काळी वायर जोडून फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून, २४ तास. मध्ये लाइट गेली तर तेवढे तास पुढे मोजा. पंप कोरडा एक मिनिटही फिरवू नका.

पाणी बोअरचं नको हे सांगायलाच नको, पण आरओचंही नको. आरओच्या पाण्यात टीडीएस मीटर पन्नास-शंभर सहज दाखवतो. बॅटरीच्या दुकानातलं पाच लिटरचं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि तेही मीटरनं तपासा. आकडा पाचच्या आत हवा. अॅसिड मिसळलेला कॅन उचलू नका, दोन्ही शेजारीच असतात. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं तयार काँसंट्रेट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. साध्या लूपमध्ये सगळं मिळून लिटरभर बसतं. धातूच्या नळीतून पाणी झिरपत नाही, त्यामुळे पातळी वर्षभर जवळपास तिथंच राहते. रंगीत कूलंटवर पैसे घालू नका, नळीत काही दिसणारच नाही. ही या नळीची खरी उणीवही आहे: बुडबुडे, गाळ, हिरवटपणा काहीच बाहेरून कळत नाही. म्हणून टाकी पारदर्शकच घ्या. लूपमध्ये तांबं, पितळ, निकेल एकत्र नांदतात. अॅल्युमिनियम अजिबात नको. स्वस्त रेडिएटर आणि गाडीचे बरेच रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात; तांब्याच्या संगतीत ते आतून खड्डे पडून गळतात.

उन्हाळ्यातली आणखी एक तक्रार पाण्याची नाही, पण ऐकू येते लूपवाल्यांकडूनच: 'नळीला हात लावला की झिणझिण्या येतात.' यात नळीचा दोष नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण रंग मारलेल्या पत्र्याला न लागणारा चटका उघड्या तांब्याला लागतो. घराची अर्थिंग असली तरी एप्रिल-मेमध्ये खड्ड्याभोवतीची माती वाळून ती कुचकामी होते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. हे करेपर्यंत उघड्या नळीला हात लावायचा नाही.

लूपच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायला टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह (तोटी) टाकाच, नाहीतर वर्षानं पाणी बदलताना नळी ओढून काढावी लागते आणि पाणी थेट कार्डावर पडतं. त्याच वेळी रिंगा बदला.

ग्राफिक्स कार्ड दर वर्षी बदलणाऱ्यांना पूर्ण धातूचा लूप परवडत नाही. प्रत्येक कार्डाच्या ब्लॉकची तोंडं वेगळ्या जागी असतात, आणि दर वेळी दोन तुकडे वाया जातात. तांबं भंगारात वजनावर जातं एवढाच दिलासा. त्यांनी कार्डाकडे जाणारे-येणारे दोन तुकडे १६ बाय १० च्या काळ्या ईपीडीएम रबरी नळीचे ठेवावेत आणि पंप, प्रोसेसर, रेडिएटर यांच्यामधलं तेवढं तांब्यात करावं.